तमाशाचे फड: बिदागी कीं वर्षासन?

शाहिरी वाङ्मयाच्या संग्रहाचें काम महाराष्ट्रांत सव्वाशें वर्षांहून अधिक काळ चाललें आहे. अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ सालीं निघाला, पुढें य. न. केळकर यांच्या ‘ऐतिहासिक पोवाड्यां’चा पहिला भाग १९२८ सालीं प्रसिद्ध झाला. गांवोगांवचीं बाडें मिळवून, पाठभेद लावून व टीपा देऊन या मंडळींनीं जें कार्य केलें, त्याचें ऋण मान्य करूनच आम्हांस एक उणीव दाखवावयाची आहे. या खटाटोपांत शाहिराचा शब्द जपला गेला. तो शब्द ज्या फडानें लोकांपुढें उभा केला, त्याचा जमाखर्च मात्र फारसा कोणी मागितला नाहीं. ढोलकीवाल्यास काय मिळे, फडाचें सामान कोण वाही, पावसाळ्यांत पोट कशावर चाले, हे प्रश्न संपादकांस गौण वाटले. हीच उणीव आजच्या द्रव्यसाहाय्याच्या योजनांत उतरली आहे, असें आमचें म्हणणें आहे.

हें म्हणणें तपासण्यास अहमदनगर जिल्ह्याइतकें योग्य क्षेत्र क्वचित् सांपडेल. २०२४ सालापासून या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. अनंत फंदी (१७४४–१८१९) याच जिल्ह्यांतील संगमनेरचा. आणि ज्या अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशानें त्यानें तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली अशी आख्यायिका आहे, त्यांचें जन्मस्थान चौंडी याच जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांत. जामखेडास आजहि संगीतबारीचीं कलाकेंद्रें आहेत. संगमनेरास तर तमाशाच्या मोठ्या फडांपैकीं एकाचें बिऱ्हाड. त्या फडाच्या कांताबाई सातारकर २०२१ च्या मे महिन्यांत कोरोनाच्या साथींत निवर्तल्या. परंपरा येथें कागदावरची नाहीं. ती अद्याप बैठकींत व कनातींत आहे. म्हणूनच तिच्या पोटापाण्याचा विचार निकडीचा.

जुन्या दफ्तरांशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस दोन शब्दांतील भेद सांगावयास नको. बिदागी ही एका वेळच्या गुणप्रदर्शनाची. वर्षासन हें वर्षाच्या निर्वाहाचें. बिदागीनें त्या रात्रीचा खर्च निघे. वर्षासनानें शिष्य सांभाळणें, नवें कवन बांधणें, आजाऱ्यास बसवून खाऊं घालणें शक्य होई. आश्रयदात्याची मर्जी फिरली तर दोन्ही बंद होत, हें खरें. १८१८ सालीं पेशवाई गेली आणि वर्षासनें देणारे हात आंखडले; अनंत फंदी पुढल्याच वर्षीं वारला. तथापि दोन निरनिराळ्या गरजांस दोन निरनिराळीं साधनें लागतात, एवढें तरी त्या व्यवस्थेस कळत होतें.

आतां आजची व्यवस्था पाहूं. राज्य सरकारचें सांस्कृतिक कार्य संचालनालय लोककलांच्या पथकांस जें साहाय्य देतें, त्याचीं नांवेंच बोलकीं आहेत: भांडवली अनुदान व प्रयोग अनुदान. पहिलें सामानसुमानासाठीं, दुसरें खेळासाठीं. या दोहोंच्या मध्यें जें राहतें, तेंच वर्ष. तालीम, नव्या वगाचें लेखन, पोरांचें शिक्षण, हिशेबनीस, गाडीची दुरुस्ती, आषाढ-श्रावणांतील रिकामे दिवस, यांस या दोन नांवांत जागा नाहीं. उलट वृद्ध साहित्यिक व कलावंतांस १९५४–५५ पासून मानधन मिळतें. २०२४ सालापासून तें दरमहा ५,००० रुपये झालें. हें खरें वर्षासन. परंतु तें थकलेल्या व्यक्तीस, चालत्या फडास नव्हे. म्हणजे माणूस फडांत आहे तोंवर बिदागी, आणि फडाबाहेर पडल्यावर वर्षासन! संस्था म्हणून फडाचा विचार कोठेंच नाहीं.

फडाचें वर्ष कसें चालतें तें पाहिल्यास याचा परिणाम ध्यानीं येईल. हंगामापूर्वीं मालक कलावंतांस व बिगाऱ्यांस उचल देतो. ती त्याच्या गांठीं नसते. सावकाराकडून आणलेली असते. दसऱ्याच्या सुमारास तंबू बाहेर पडतो व तिकिटावर खेळ होतात. पाडव्यानंतर चैत्र-वैशाखांतल्या गांवजत्रांच्या सुपाऱ्या येतात. त्यांचे करार बहुतांशीं शेजारच्या जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवीं फडांच्या राहुट्यांतून ठरतात. कर्जाची फेड या थोड्या आठवड्यांवर अवलंबून. नगर जिल्हा पर्जन्यछायेंतला. १९७२ सारखें वर्ष आलें कीं गांवाची वर्गणी आटते, आणि वर्गणी आटली कीं सुपारी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले. नियमाचा हेतु चांगला. पण पहांटेपर्यंत चालणारा वग त्यामुळें आखडला. गण, गौळण व बतावणी उरकून सिनेमाच्या गाण्यांस वेळ मिळतो. ज्यास लेखक व तालीम लागते, तोच भाग प्रथम कापला जातो. २०२० सालीं पाडवा व देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस एकच होता: २५ मार्च. १९२१ च्या नव्हे, २०२१ च्या पाडव्यास, १३ एप्रिल रोजीं, हीच गत. दुसऱ्याच दिवसापासून राज्यांत कडक निर्बंध आले. दोन हंगामांची उचल अंगावर आणि वसुलीची वाट बंद, अशी ती अवस्था होती.

कोणी म्हणेल कीं, सरकारावांचून दुसरें द्रव्य नाहीं काय? आहे. कंपनी कायदा, २०१३ याच्या १३५ व्या कलमाखालीं मोठ्या कंपन्यांस नफ्याचा कांहीं अंश लोकहितार्थ खर्चावा लागतो, आणि त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टांत पारंपरिक कलांचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु घेणारी संस्था नोंदलेली हवी, तीन वर्षांच्या कार्याचा पुरावा हवा, आयकर खात्याचीं प्रमाणपत्रें हवींत, आणि १ एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारकडे स्वतंत्र नोंदहि हवी. फड सामान्यतः मालकाच्या नांवानें चालतो; त्याचा हिशेब मालकाच्या वहींत व त्याहून अधिक त्याच्या स्मरणांत असतो. कलेचा धनी कागदाला दरिद्री, आणि कागदाचा धनी कित्येकदां कलेला परका, अशी विपरीत स्थिति यामुळें होते. दोष कागद मागणाऱ्याचाच आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पैशाचा हिशेब मागणें योग्यच. पण हिशेब ठेवण्याचें सामर्थ्य अंगीं यावें यासाठीं कोणी एक दमडी देत नाहीं, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

सरसकट वर्षासनें द्यावीं, असेंहि आमचें मत नाहीं. त्यांतून वशिला व आळस वाढेल ही भीति खरी; आणि एकाच हातावर विसंबण्याचें फळ १८१८ नें दाखविलेंच आहे. उपाय जिल्ह्याच्याच इतिहासांत आहे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले. परंतु रोखे जाळून कर्ज सुटलें नाहीं. त्याच जिल्ह्यांत लोणीस विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्यानें सहकारी साखर कारखाना उभा केला. तेथें शेतकऱ्याची पत एकत्र आली. फडांची पत अशी कधीं एकत्र आली नाहीं. दहा फडांनीं मिळून एक नोंदलेला संघ करावा, एक हिशेबनीस ठेवावा, उचलीपुरता सामाईक निधि उभारावा. आणि सरकारनें प्रयोग मोजण्याऐवजीं कांहीं वर्षें या हिशेबनिसाचा व निधीचा भार उचलावा. खर्च अल्प, पण त्यावर पुढील सर्व साहाय्य उभें राहील.

या पत्राच्या वाचकांकडे आमचें वेगळें मागणें आहे. लावणीचें बाड दिसतांच आपण तें उचलतों; त्याच पेटींतली उचलीची वही, सुपारीचा करार, तंबूच्या भाड्याची पावती यांस हात लावीत नाहीं. फड मोडला कीं हे कागद प्रथम रद्दींत जातात. वास्तविक कवन दुसऱ्या बाडांत सांपडूं शकतें. वहीची दुसरी प्रत नसते. ज्यांच्या गांवीं जुन्या फडाचें घर आहे, त्यांनीं मालकाच्या वारसांची संमति घेऊन या वह्यांच्या नकला तरी करून घ्याव्या, आणि त्यांतील जिवंत माणसांच्या कर्जाच्या नोंदी उघड न करण्याचें पथ्य पाळावें. आजच्या फडास हिशेब शिकविण्यासहि त्याच उपयोगी पडतील. शाहिराचा शब्द आपण छापला. आतां त्याची वहीहि वाचावी.