घासलेला पॅड वाचताना

गॅरेजमध्ये ब्रेक पॅड बदलले की जुने चार पॅड भंगाराच्या डब्यात जातात आणि गिऱ्हाईक बिलावरची मजुरी वाचत बसतं. वाचण्यासारखं जे होतं ते डब्यात गेलेलं असतं. चाक स्वतः खोलणाऱ्याची मजुरी वाचते, ती वाचू दे. त्याची खरी चैन पुढेच आहे. दोन-तीन वर्षं आपण कुठल्या रस्त्यांनी फिरलो, पाय कुठे दाबला, कुठे उगाच दाबला, हे ज्या वस्तूवर उमटलंय ती त्याच्या तळहातावर असते, आणि मागे हॉर्न वाजवायला दुसरी गाडी उभी नसते.

मोरगावातली एखादी गाडी घेऊ. अल्टो म्हणा, वॅगन-आर म्हणा; पुढे डिस्क, मागे ड्रम. पुण्याला जायचं तर जेजुरी, सासवड आणि मग दिवे घाट. माउलींची पालखी हा घाट चढून सासवडला येते, मोरगावकराला पुण्याला जाताना तो उतरावा लागतो. खाली वडकीचा मस्तानी तलाव दिसतो तो बहुतेकांना फोटोपुरता. पॅडच्या दृष्टीनं तेवढ्या चार वळणांत अख्ख्या महिन्याचं काम होऊन जातं. हिशेब सोपा आहे. माणसांसकट 900 किलोची गाडी ताशी 60 किलोमीटरवरून थांबवली तर ब्रेकमध्ये साधारण सव्वा लाख ज्यूल उष्णता तयार होते. तीच गाडी वेग वाढू न देता नुसती 100 मीटर खाली आणायची म्हटली, तर पावणेनऊ लाख. म्हणजे दर 100 मीटर उतारामागे साठाच्या वेगातून सात वेळा थांबायचं.

गाडी गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन आपल्या अंगावर घेतं. न्यूट्रल केली की सगळा भार पॅडवर. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे महाभाग आजही आहेत. त्यांना कोणी सांगत नाही की आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनला जाणारं पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. अशा माणसाच्या गाडीचा पॅड काढला की लगेच कळतं. पॅडच्या तोंडावर कडक चकाकी आलेली असते, बोट फिरवलं तर खरखर लागतच नाही, कडांना केसाएवढ्या चिरा. लायनरमधली राळ तापून वर आलेली आणि तशीच थिजलेली. अशा पॅडमध्ये जाडी शिल्लक असली तरी पकड शिल्लक नसते. पॉलिश पेपरनं घासून तो परत बसवणारे आहेत. मी त्यांच्यातला नाही.

चकाकी हा घाटाचा मजकूर, आणि चरे हा धुळीचा. बाहेरच्या माणसाला बारामती म्हटलं की ऊस, कालवा आणि कारखाने दिसतात. ते नीरेच्या डाव्या कालव्याखालचं. मोरगाव-सुप्याचा पट्टा त्याच तालुक्यातला, पण जिरायती. कऱ्हेला पाणी असलं तर असलं. उन्हाळ्यात इथल्या आतल्या रस्त्यांवरून गाडी फिरली की बारीक खडे आणि मुरमाची भुकटी पॅड आणि डिस्कच्या मध्ये शिरते. चाक काढल्यावर डिस्कवर आडवं नख ओढून बघावं. गोल-गोल चरे नखाला अडकतात, आणि प्रत्येक चऱ्यासमोर पॅडवर तेवढीच उंच रेघ असते. दोघं एकमेकांना तंतोतंत बसलेले. म्हणूनच खोल चरे पडलेल्या डिस्कवर नवा सपाट पॅड ठेवला की सुरुवातीला तो मोजक्या उंचवट्यांवरच टेकतो आणि ब्रेक कमी लागतो. डिस्कच्या बाहेरच्या काठाला न घासलेली एक धार राहते. ती किती उंच आहे यावरून डिस्क किती गेली तेही कळतं. कमीत कमी जाडी किती चालेल हे बहुतेक डिस्कवर कोरलेलंच असतं. गंज पुसून वाचण्याचे कष्ट घ्यावे लागतात, इतकंच.

इथवर एका पॅडची गोष्ट झाली. रस खरा वाढतो तो आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी-शेजारी ठेवल्यावर. छोट्या गाड्यांचा कॅलिपर तरंगता असतो. पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्या दाबाच्या उलट धक्क्यानं सगळा कॅलिपर दोन पिनांवर आत सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना मोकळ्या असतील तर दोन्ही पॅड जवळपास सारखे झिजतात. आतला पार पत्र्याला आलाय आणि बाहेरचा अर्धाही घासला नाही, असं दिसलं तर पॅडला दोष देऊ नये. पिनेवरचं रबरी बूट फाटलंय, आत पाणी-माती गेलीय, ग्रीस वाळून पिन जाम झालीय. एकच पिन जाम असेल तर पॅड पाचरीसारखा तिरका झिजतो. हे न बघता नुसते नवे पॅड कोंबले की ते तिरकेच घासणार, आणि सहा महिन्यांनी मालक म्हणणार, हल्ली माल चांगला येत नाही.

गाळपाच्या दिवसांत सोमेश्वर किंवा माळेगावच्या बाजूला ज्याची रोजची फेरी आहे त्याचं बूट आधी तपासावं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या शेतातला चिखल डांबरावर आणून टाकतात आणि तो चाकांतून उडून नेमका तिथे जाऊन बसतो.

आता या सगळ्या रचनेतली मला सर्वांत आवडणारी वस्तू. कॅलिपरच्या पोटात, पिस्टनभोवती, एक रबरी रिंग असते. काटछेद चौकोनी. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि ही रिंग त्याला धरून असल्यानं तिचं अंग जरासं पिळतं. पाय सोडला की दाब जातो, रिंग आपल्या मूळ आकारात येते आणि येताना पिस्टनला सोबत मागे आणते. किती? मिलिमीटरचाही किरकोळ हिस्सा. डिस्क मोकळी फिरायला तेवढं पुरतं. मागे खेचायला स्प्रिंग नाही, सेटिंगचा स्क्रू नाही. पॅड झिजत गेला की पिस्टनला रिंगेच्या पिळण्याहून जास्त पुढे जावं लागतं. तेव्हा तो रिंगेतून थोडा घसरतो आणि पुढच्या वेळी नव्या जागेवरून मागे येतो. म्हणजे झीज भरून काढण्याचं कामही तीच रिंग करते, आणि पॅडलच्या खेळात आपल्याला फरक जाणवत नाही. इतक्या स्वस्त रबराच्या तुकड्याकडून इतकं नेमकं काम करून घेणारी कल्पना मला गाडीत दुसरीकडे सापडलेली नाही.

त्याच कारणानं नवे जाड पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलावा लागतो, आणि ढकलला की ब्रेक ऑइल उलटं टाकीत येतं. झाकण उघडून टाकीकडे लक्ष ठेवावं. मधल्या काळात कोणी पातळी कमी दिसली म्हणून वरून ऑइल ओतलं असेल तर ते आता बाहेर येणार, आणि अंगावर पडलं तर गाडीचा रंग खाणार. खरं तर टाकीतली हळूहळू उतरणारी पातळी हीसुद्धा झिजेचीच नोंद असते. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 3 ताजं असताना 205 अंशांच्या आत उकळू नये असा दंडक आहे. ओल शोषलेल्यासाठी तोच 140 वर येतो. घाटात ते उकळलं की बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात आणि पॅडल खाली जातं.

थांबण्याची गोष्ट मोरगावला तशी जुनीच. मयूरेश्वराच्या देवळासमोर गणपतीपुढे उंदराबरोबर नंदी आहे, आणि त्याची कथा अशी सांगतात की तो शंकराच्या देवळासाठी चालला होता; इथे गाडीचं चाक मोडलं आणि नंदी पुढे जाईना. माणसांना मात्र मनात येईल तिथे थांबायला बराच काळ लागला. ऑगस्ट 1888 मध्ये बेर्टा बेन्झ नवऱ्यानं बनवलेली गाडी घेऊन मानहाइमहून माहेरी निघाल्या. उतारावर लाकडी ब्रेक झिजत चालले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं. गाडीचा पहिला ब्रेक लायनर म्हणून सांगतात तो हाच. म्हणजे ब्रेकचं पहिलं काम गाडीच्या घरच्याच बाईनं रस्त्यात उभं राहून करून घेतलं, तेही उताराला कंटाळून. डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरनं 1902 मध्ये घेतलं, पण तो जगाच्या नजरेत भरला 1953 च्या ल मान्सच्या शर्यतीत, जग्वारनं ती जिंकली तेव्हा. कारण उघड आहे. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो. डिस्क तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते.

म्हणून ड्रमला कमी लेखू नये. मागचे शू काढले की पुढचा शू मागच्यापेक्षा जास्त घासलेला दिसतो. फिरता ड्रमच त्याला आणखी आत ओढत असतो, त्यामुळे कमी दाबात जास्त काम. तो डाव वाचायला सुंदर आहे, बसवायला कटकटीचा. स्प्रिंगा कुठली कुठे हे विसरायला होतं. एका बाजूचा ड्रम पूर्ण बसल्याशिवाय दुसरीकडचा उघडायचा नाही. बंद असलेली बाजू हीच तेव्हा पुस्तक. आतली काळी भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या नळीनं उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि आपल्या समोरचा लायनर कुठला आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही.

नव्या पॅडच्या काठावर बहुधा दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ‘एफएफ’ किंवा ‘ईएफ’ अशी. दुकानदारही ती सहसा बघत नाही. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45. घाटाच्या गाडीला दुसरं अक्षर महत्त्वाचं. ‘ओरिजिनल देऊ का लोकल?’ या प्रश्नापेक्षा ही दोन अक्षरं जास्त बोलतात.

स्वतः करण्यालाही हद्द आहे आणि ती पाळण्यात कमीपणा नाही. पॅड, शू, पिनांची सफाई, ग्रीस, इथपर्यंत अंगणात. ब्रेकचा पाइप सोडून हवा काढायची, एबीएसला हात लावायचा किंवा हँडब्रेक बटणाचा आहे, तर फिटरकडे. अंगण मुरमाचं असेल तर जॅकखाली जाड फळी, मागच्या चाकांना दगड, नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केलेले, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं कधीच नाही. कॅलिपर सोडला की तो रबरी पाइपवर लोंबू द्यायचा नाही, तारेनं वर बांधायचा. पॅड दोन्ही चाकांचे बरोबरच बदलायचे. आणि सगळं बसल्यावर, गाडी हलवायच्या आधी, पॅडल दाबत राहायचं. पहिल्यांदा पाय थेट खाली जातो. पिस्टन मागे ढकललेला असतो, तो पॅडला येऊन टेकेपर्यंत ब्रेक नावाचं काही नसतंच. तीन-चार दाबांत पॅडल कडक होतं. ते होईपर्यंत किल्ली खिशात असावी.

मग सकाळी, रस्त्यावर गर्दी नसताना, सुप्याकडे एक फेरी. पन्नासवर जायचं, मध्यम दाबानं विसापर्यंत यायचं, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवून गार होऊ द्यायचं, पुन्हा तेच आठ-दहा वेळा. या तालमीत पॅडच्या मालाचा पातळ थर डिस्कवर चढतो आणि पुढची पकड त्या थरावर अवलंबून असते. चतुर्थीच्या दिवशी हे करायला जाऊ नये. त्या दिवशी मोरगावात पन्नासवर कोणी जात नाही. फेरी संपल्यावर चाकाजवळ करपल्याचा वास येतो. नव्या पॅडचा तो येतोच.