साक्ष आणि साहित्य

उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याचा समीक्षेचा कल आहे. १९२७ साली तत्कालीन कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील महाडला सत्याग्रह झाला. त्या काळापासून आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांची साक्ष येथे मुलाखतींतून नोंदवली गेली. पवारांचा ‘सहावं बोट’ (१९८८) हा कथासंग्रह याच सुमारास आला. तरीही कथा ती कला आणि मुलाखत तो दस्तऐवज, अशी विभागणी रूढ राहिली. वस्तुतः दुसरीचे बोलणे तिच्याच लयीत टिपण्याची शिस्त दोहोंना समान आहे. आई विणत असलेल्या बांबूच्या वस्तूंचे नाव ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनाला लाभते, तेव्हा कारागिरी आणि लेखन यांतील उच्चनीचताही प्रश्नांकित होते. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या स्त्रियांचे कसब मात्र अद्याप मजुरीतच जमा धरले जाते. एकमेकींना ऐकण्याची, नोंदवण्याची आणि छापण्याची वाट निर्माण करणे, ही या लेखिकांची मोठी कमाई होय. रोहा-अष्टमीत लिहू पाहणाऱ्या स्त्रीची संधीही याच वाटेवर आहे. तिच्या साक्षीला साहित्य म्हणून वाचण्याची जबाबदारी समीक्षेची.