रक्ताच्या नात्याची साक्ष

गुन्हेगारी घराण्यांच्या ज्या कथा पडद्यावर येतात, त्यांपैकी काहींच्या मागे त्या घरातल्याच मुलाचे, पत्नीचे किंवा भावाचे निवेदन उभे असते. आप्ताला आतली माहिती असते, म्हणून त्याचे निवेदन अधिक सत्य असणार, असा अशा चित्रपटांविषयी सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे. आप्ताला घर ठाऊक असते. त्या घराने घराबाहेर काय केले, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही, आणि ठाऊक असले तरी ते सांगण्याची त्याची तयारी असतेच असेही नाही.

ह्या गोंधळाचे मूळ काही अंशी भाषेतच आहे. अमेरिकन माफियाच्या परिभाषेत ‘फॅमिली’ हा एकच शब्द जन्माचे कुटुंब आणि शपथेने बांधलेली टोळी ह्या दोहोंसाठी चालतो. मराठी अनुवादकाला मात्र प्रत्येक ठिकाणी ‘कुटुंब’ की ‘टोळी’ ह्याचा निर्णय करावाच लागतो. पुष्कळ चित्रपट हा निर्णय टाळतात, आणि कुटुंबाविषयी वाटणारा जिव्हाळा नकळत टोळीच्या खाती जमा होतो. न्यूयॉर्कच्या बोनानो घराण्यावर गे टॅलीझ ह्यांनी १९७१ साली लिहिलेल्या ‘ऑनर दाय फादर’ ह्या पुस्तकाचे नाव बायबलमधील दशाज्ञांपैकी एकीवरून घेतलेले आहे. १९७३ साली त्यावर दूरचित्रवाणीपट निघाला. पुढे पित्याने १९८३ साली ‘अ मॅन ऑफ ऑनर’ व पुत्राने १९९९ साली ‘बाउंड बाय ऑनर’ अशी आत्मकथने प्रसिद्ध केली, आणि घराण्याची कथा पुन्हा पडद्यावर आली. तिन्ही नावांत ‘ऑनर’ आहे. परंतु पहिल्या नावात तो पुत्रधर्म आहे, तर उरलेल्या दोहोंत टोळीचा दंडक. शब्द एकच असल्यामुळे दंडकाला धर्माचा वेष सहज चढविता येतो.

केव्हिन कॉनली दिग्दर्शित ‘गॉटी’ (२०१८) ह्या चित्रपटात हा वेष उघडच दिसतो. पॉल कॅस्टेलानोच्या १९८५ मधील खुनानंतर गॅम्बिनो टोळीचा प्रमुख झालेला, १९९२ साली जन्मठेपेची शिक्षा झालेला आणि २००२ साली तुरुंगातच मरण पावलेला जॉन गॉटी हा त्याचा नायक, आणि पुत्राच्या आठवणी हा त्याचा आधार. अपघातात गेलेल्या बारा वर्षांच्या मुलाचा शोक येथे खरा वाटतो, कारण तो घरातून पाहिलेला आहे. मात्र टोळीने मारलेल्यांना ना घर आहे, ना शोक करणारे कोणी. घरातला मृत्यू तेवढा मृत्यू. बाहेरचे मृत्यू म्हणजे सत्तास्पर्धेतील डाव! शेवटी गॉटीची थोरवी गाणारे नागरिक दाखविले जातात, तेव्हा साक्ष संपून वकिली सुरू झालेली असते.

निकोलास एन्तेल ह्यांचा ‘पेकादोस दे मी पाद्रे’ (२००९) हा अनुबोधपट ह्याहून वेगळ्या वाटेने जातो. कोलंबियातील पाब्लो एस्कोबारचा पुत्र, नाव बदलून अर्जेंटिनात राहणारा सेबास्तियान मारोकीन, ह्यात बोलतो. पित्यावरील प्रेम तो नाकारीत नाही. परंतु पित्याच्या टोळीने १९८४ साली मारविलेले न्यायमंत्री लारा बोनिया आणि १९८९ साली मारविलेले राजकीय नेते गालान ह्यांच्या पुत्रांना तो पत्र लिहितो, भेटतो, आणि ते पडद्यावर त्याच्यासमोर येऊन बसतात. पुढील काळात ह्याच पुत्राने पित्याची प्रतिमा असलेले कपडे विक्रीस काढले, हेही नोंदविले पाहिजे. पश्चात्ताप आणि व्यवहार ह्यांची सरमिसळ येथेही आहे. तरीही चित्रपटाचे मोल कमी होत नाही, कारण पुत्राचे शब्द तपासणारे कोणी तरी त्यात उपस्थित आहे.

ह्या दृष्टीने मार्को तुल्यो जोर्दाना ह्यांचा ‘इ चेन्तो पास्सी’ (२०००) सर्वांत अर्थपूर्ण ठरतो. सिसिलीतील चिनिसी गावी माफियाशी संबंध असलेल्या घरात जन्मलेला पेप्पिनो इम्पास्तातो आपल्या छोट्या नभोवाणी केंद्रावरून त्या सत्तेची टिंगल करीत असे. ९ मे १९७८ रोजी त्याचा खून उघडकीस आला. आई फेलिचा आणि भाऊ जोव्हान्नी ह्यांनी सूडाचा मार्ग नाकारून न्यायालयाचे दार ठोठावले. त्यांच्या चिकाटीमुळे प्रमुख आरोपी बादालामेन्ती ह्याला २००२ साली जन्मठेप झाली. घर आणि टोळी ह्यांत अंतर किती, तर नावाप्रमाणे शंभर पावले. आणि ती मोजणारा मुलगा ह्याच घरातला. पटकथालेखकांपैकी एक क्लाउद्यो फावा ह्यांचे पत्रकार पिता १९८४ साली माफियाकडून मारले गेले होते, हा तपशील येथे महत्त्वाचा आहे. एका घराची कथा दुसऱ्या, दुखावलेल्या घराच्या हातून लिहिली गेली.

आपल्याकडे पितृऋणाची कल्पना आहे, आणि वंश पुढे चालविला की ते ऋण फिटते असे मानतात. वरील चित्रपटांतील पुत्रांना ही सोय नाही. त्यांना पित्याकडून मिळालेले देणे पित्याला परत करावयाचे नसून, पित्याने ज्यांची घरे उजाड केली त्यांना द्यावयाचे आहे. त्याची आठवण ज्या निवेदनात नाही, ते कितीही आतले असले तरी अपुरे होय. आप्ताची साक्ष समीक्षकाने अव्हेरण्याचे कारण नाही. परंतु त्या घराने मारलेल्यांना चित्रपटात कोठे जागा मिळाली आहे, हे त्याने प्रथम पाहावे.