एकट्याने वाजवलेले रॉक

त्रिलोक गुर्टू यांच्याविषयी लिहिताना ‘फ्यूजन’ हा शब्द इतक्या सहज वापरला जातो, की त्यांनी रॉक आणि सोल संगीत ऐकले कसे, हा प्रश्न बाजूलाच राहतो. १९५१ साली मुंबईत जन्मलेले गुर्टू आधी तबला शिकले, मग ड्रम्सकडे वळले. पाश्चात्य संगीत शिकत असताना ओव्हरडबिंग, म्हणजे आधीच्या ध्वनिमुद्रणावर नवे थर चढवण्याचे तंत्र, त्यांना ठाऊकच नव्हते. १९९५च्या एका मुलाखतीत त्यांनी हे सांगितले आहे. जे कानावर पडले ते सगळे एकट्यानेच वाजवायचे असते, असे समजून ते बसवत गेले.

पण तंत्र माहीत नसणारे श्रोते त्या काळी असंख्य होते. त्या अज्ञानातून शैली घडली ती तबल्यावर तयार झालेल्या कानामुळे, असे मला वाटते. ‘धा’ हा एकच बोल, पण तो निघतो तबला आणि डग्गा दोन्ही मिळून. जेम्स ब्राउनच्या गाण्यांतही ड्रम्स, बास, गिटार आणि ब्रास ठेक्याचा एकेक तुकडा सांभाळतात. ते एकमेकांत बसले की ठेका पुरा होतो. अनेक हातांचे काम एक बोल म्हणून ऐकण्याची सवय तबलजीला आधीपासूनच असते.

घरची शिदोरीही मोठी होती. आई शोभा गुर्टू मूळच्या बेळगावच्या, ठुमरी-दादऱ्यासाठी नावाजलेल्या. आजी मेनकाबाई शिरोडकर या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. मी राहते त्या जयपूरचे नाव खाँसाहेबांच्या घराण्याला आहे, पण ते बहरले कोल्हापूर-मुंबईकडे. परक्या गावाचे नाव मिरवत आपला गळा घडवणे या घराला नवे नव्हते.

१९८८च्या ‘उस्फ्रेत’ या अल्बममध्ये शोभाताई मुलाच्या ठेक्यावर गायल्या. त्यातल्या एका रचनेचे नावच ‘शोभारॉक’. तरी गुर्टूंच्या ऐकण्याचा खरा पुरावा मला सापडतो तो १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीने केलेल्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणात. गिटार, बास आणि गुर्टू, एवढेच. थर चढवण्याची सोय मंचावर नाही. जमिनीलगत बसून ते ड्रम्स, तबला आणि झांजा एकाच हालचालीत फिरवतात. पाण्याच्या बादलीत झांज बुडवून तिचा सूर वाकवतात. स्टुडिओत वेगवेगळ्या वेळी जमवले जाणारे आवाज इथे एका माणसाच्या दोन हातांतून एकाच वेळी येतात.

मूळ पाठ कसा घडला हे जाणून घ्यावे, असा आग्रह आम्ही अनुवादक धरतो, आणि तो योग्यच आहे. पण गुर्टूंनी रेकॉर्डवरच्या आवाजावर पूर्ण विश्वास ठेवला आणि तो निभावण्याइतका रियाज केला. त्यांच्या रॉकला नुसती सरमिसळ म्हटले, तर त्या रियाजाचा हिशेब राहून जातो.