खोलीतील रंगमंच आणि उंबऱ्यावरचा प्रेक्षक

दलित रंगभूमीची चर्चा निघाली की आपण आशयाविषयी बोलतो, जाणिवेविषयी बोलतो, विद्रोहाच्या भाषेविषयी बोलतो. जागेविषयी मात्र फारसे बोलत नाही. नाटक कोठे होते, त्या जागेची किल्ली कोणाकडे असते आणि तिच्या दारातून आत यायला कोण बिचकते, हे प्रश्न आपण व्यवस्थापनाचे समजून बाजूला ठेवले. माझ्या मते ते समीक्षेचेच प्रश्न आहेत.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. विद्यार्थी असताना प्रथम रंगमंचावर उभा राहिलो तो एका एकांकिका स्पर्धेत. भूमिका शेतमजुराची होती. माझी आई जशी बोलते तसा मी बोललो. प्रयोगानंतर परीक्षक म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण उच्चार सुधारले पाहिजेत." शेतमजुराने शेतमजुरासारखे बोलू नये, हा धडा मी त्या दिवशी शिकलो. तो विसरायला पुढे बरीच वर्षे लागली.

पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ साली सुरू झाला. पुढे गावोगावी स्पर्धा निघाल्या आणि महाविद्यालयीन नाटक म्हणजे स्पर्धेतील एकांकिका हे समीकरण पक्के झाले. या स्पर्धांनी मराठी रंगभूमीला नट, लेखक, दिग्दर्शक दिले हे मान्यच केले पाहिजे. पण त्यांची रीत पाहा. महिनाभर तालीम, एक प्रयोग, निकाल, आणि नंतर सामान कोठीत. आमच्यासारख्या महाविद्यालयांत तर तालमीला जागाही नसते. वसतिगृहातला मुलगा वर्गखोलीची किल्ली मागायला शिपायाच्या मागे हिंडतो. ज्याच्या घरी बैठकीची खोली आहे, त्याच्या घरी तालीम होते. मग त्या बैठकीच्या खोलीतली भाषाच नाटकात उतरते. यात कोणाचा कट नाही. जागा जशी असते तसे नाटक घडत जाते.

आपल्या परंपरेत याचे वेगळे उदाहरण आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. तेथे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक विद्यार्थ्यांनी १९५५ साली बाबासाहेबांसमोर सादर केले. अस्पृश्यांच्या दुःखाचा रामायणकाळापासून आजपर्यंतचा प्रवास हा त्याचा विषय. १९५६ साली धम्मदीक्षेच्या वेळी नागपूरला जमलेल्या लाखोंच्या समुदायापुढे त्याचाच प्रयोग झाला. लेखक अस्पृश्य समाजातले नव्हते, म्हणून हे दलित नाटक म्हणावे की नाही, यावर आपण पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. नाटक महाविद्यालयात उभे राहिले आणि जनसमुदायापुढे गेले. महाविद्यालय हा त्याचा मुक्काम नव्हता, तयारीची जागा होती. त्याआधी भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांच्या जलशांनी हा जनसमुदाय तयार केला होता हेही विसरता येणार नाही. खेळ पाहायचा, ऐकायचा आणि त्यावर घरी जाऊन बोलायचे, ही सवय जलशांनी लावली होती.

खोलीतल्या रंगमंचाची मराठीतील मोठी परंपरा दादरची. १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटकांना जागा दिली. पडदा नाही, भपका नाही, नट आणि प्रेक्षक यांत फार अंतर नाही. शाळेचे सभागृह नाट्यगृह होऊ शकते हे तेथे सिद्ध झाले आणि ते मोलाचे होते. पण तेथवर पोचायला दादरला येणे परवडावे लागे आणि 'प्रायोगिक' या शब्दाची भीती वाटेनाशी व्हावी लागे. अमेरिकेतील दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांतही अशा खोल्या असतात. काळ्या भिंती, हलवता येणाऱ्या खुर्च्या, डोक्यावर दिव्यांच्या नळ्या. ज्यांना मोठी विद्यापीठे परवडत नाहीत अशा मुलांसाठी ही महाविद्यालये निघाली. ओकलंडचे मेरिट कॉलेज अशांपैकीच. तेथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील भेटले, १९६६ साली ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. स्वस्त शिक्षणाच्या इमारतीत कोण कोणाला भेटेल, याचा हिशेब सत्तेला कधीच करता येत नाही. अशा इमारतीत नाटकाची खोली असणे म्हणूनच चैन नव्हे.

आमच्या महाविद्यालयात एक जुनी प्रयोगशाळा पडून होती. विद्यार्थ्यांनी ती झाडली, खिडक्यांना घोंगड्या लावल्या, मंडपवाल्याकडून दोन हॅलोजन भाड्याने आणले. तीन बाजूंना सतरंज्या, चौथ्या बाजूला दार. साठ माणसे दाटीने बसत. तेथे आम्ही दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा' केले.

हे नाटक दलित चळवळीच्या तीन पिढ्या समोरासमोर आणते. बाबासाहेबांच्या काळातले काका, प्राध्यापक सतीश आणि तरुण अर्जुन. सतीशची पत्नी हेमा ब्राह्मण. वाद चळवळीच्या वाटांचा आहे, पण तो झडतो प्राध्यापकाच्या घरात. मोठ्या नाट्यगृहात हे घर चौकटीत बंद होते. प्रेक्षक दुरून एका सुशिक्षित दलित कुटुंबाचा पेच पाहतो आणि टाळ्या वाजवून घरी जातो. आमच्या खोलीत सतीशच्या घराला भिंतीच उरल्या नाहीत. अर्जुन झालेला विद्यार्थी माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तो सतीशशी बोलत होता, आणि मी प्राध्यापक आहे. मला मान खाली घालावीशी वाटली. माझ्याजवळ बसलेल्या सहकाऱ्याने तर खरोखरच घातली. छोट्या रंगमंचाचे सामर्थ्य मला तेथे कळले. तो प्रेक्षकाला तटस्थ राहू देत नाही.

त्याच खोलीत मर्यादाही दिसली. काका झालेल्या मुलाचे वडील रिक्षा चालवतात. ते आले, चपला बाहेर काढल्या आणि दाराशी उभे राहिले. आत या म्हटले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर, हितंच बरंय." पूर्ण नाटक त्यांनी उंबऱ्यावरून पाहिले. ज्यांच्या आयुष्यावर आत वाद चालला होता, तो माणूस बाहेर होता. त्यांना कोणी अडवले नव्हते. खोली आमची होती, पण महाविद्यालयाची इमारत त्यांची कधी झालीच नव्हती.

महिन्याने आम्ही तेच नाटक त्यांच्या वस्तीत, समाजमंदिराच्या ओट्यावर केले. पहिली वीस मिनिटे फसली. खोलीत सवय झालेले आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जाईनात, पोरे ओट्यावर चढत होती. मग मुलांनी आपणहून आवाज चढवला, थांबे वाढवले. काका बोलू लागले तशा बाया मधूनच उत्तर देऊ लागल्या. एक म्हातारी अर्जुनला म्हणाली, "म्हाताऱ्याचं आधी पुरतं ऐकून तर घे." हे वाक्य संहितेत नाही, पण नाटकाच्या गाभ्यातले आहे. नाटकाची याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. आणि रिक्षावाले वडील या वेळी पहिल्या रांगेत बसले होते.

म्हणून मी खोली की मैदान असा वाद घालत नाही. मैदानात उतरणाऱ्या नटाला चुकण्याची, पुन्हा करण्याची, आपल्या आईच्या उच्चारात बोलून पाहण्याची जागा हवी. ती खोली देते. खोलीत घडलेले नाटक खरे की खोटे, हे वस्ती सांगते. आपण जयंतीच्या आठवड्यापुरते नाटक करतो आणि वर्षभर रंगभूमीवर निबंध वाचतो, ही आपली उणीव आहे.

मागणी छोटी आहे. आपली मुले जेथे शिकतात त्या प्रत्येक महाविद्यालयात वर्षभर उघडी राहणारी एक खोली असावी. किल्ली विद्यार्थ्यांकडे असावी. तेथे अभिनयाबरोबर प्रकाश, ध्वनी, नेपथ्य यांचे काम शिकवले जावे, कारण त्या कामांवर पोट भरते. आणि तेथे उभे राहिलेले प्रत्येक नाटक एकदा तरी वस्तीत जावे.

आमची प्रयोगशाळा पुढच्या वर्षी संगणक कक्षासाठी घेण्याचे घाटत आहे. संगणकही आमच्या मुलांना हवेतच, म्हणून विरोध कसा करावा हे मला अजून उमगलेले नाही. विद्यार्थ्यांनी मात्र अर्ज लिहिला आहे. त्यावर पहिली सही काका झालेल्या मुलाची आहे, आणि खाली, पालक म्हणून, त्याच्या वडिलांची.