कल्पित नांवांचा उच्चार

कादंबरींतील कल्पित नांव कसें उच्चारावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटेल. मनांत वाचणाऱ्यास कोण अडविणार? पण घरांत मोठ्यानें वाचण्याचा प्रसंग आला, कीं वाद उभा राहतोच.

टोल्किन ह्यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड इंग्लंडांत जुलै १९५४ मध्यें निघाला. त्यांतील एका एल्फ-अधिपतीचें नांव इंग्रजी वळणानें ‘सेलेबॉर्न’ असें वाचलें जातें. खरा उच्चार ‘केलेबॉर्न’. ‘केलेब’ म्हणजे रुपें. परंतु हा नियम सांगणारें परिशिष्ट आलें ऑक्टोबर १९५५ च्या तिसऱ्या खंडांत! सव्वा वर्ष चुकलेल्या जिभेस दोष कसा द्यावा?

तरीही आम्ही ग्रंथकाराच्या बाजूचे. टोल्किन भाषाशास्त्रज्ञ, त्यांनीं आधीं भाषा घडविल्या, कथा मागाहून आली. ध्वनि बदलला, कीं शब्दाचें कूळच बुडतें. हॅरी पॉटरकर्त्या रोलिंगबाईंची गोष्ट निराळी. ‘वोल्डेमॉर्ट’मधील अंत्य ‘ट’ अनुच्चारित, हें त्यांनीं २०१५ सालीं कळविलें. तोंवर चित्रपटांनीं तो जगभर रुजविला होता. तेथें रूढीच प्रमाण मानावी.

मराठी भाषांतरकारास मात्र संदिग्ध राहतां येत नाहीं. रोमन लिपि झांकून नेते. देवनागरींत ‘स’ कीं ‘क’ हें ठरवावेंच लागतें, आणि छापलेली चूक पुढें वाचकाच्या ध्यानींही येत नाहीं. ‘कराद्रास’ पर्वताच्या नांवांत रोमन ‘डी’पुढें ‘एच’ आहे. तो पाहून हात सहज ‘ध’ लिहितो. वस्तुतः तो इंग्रजी ‘दिस’मधला घर्षक ध्वनि, आपल्या वर्णमालेंत त्यास अक्षरच नाहीं. ‘द’ लिहून तळाशीं टीप द्यावी, असें आम्हांस वाटतें.