दिवाणखान्यातला 'तुकाराम'

जुन्या बोलपटांविषयी एक अभिप्राय हल्ली घरोघर ऐकू येतो: चेहरे बसके, आवाज पोकळ, सारे काही खोटे खोटे. असे म्हणणारी माणसे बहुधा सुबुद्ध असतात, रसिकही असतात. पण ती बोलतात ती बोलपटाविषयी नव्हे, आपल्या घरातल्या तारांविषयी, असे माझे स्पष्ट मत आहे. डीव्हीडीचे यंत्र टेलिव्हिजनला आणि ध्वनिवर्धकाला कसे जोडायचे हे आपण दुकानातून आलेल्या पोरावर सोपवतो आणि रसग्रहण तेवढे स्वत:कडे ठेवतो. वस्तुत: रसग्रहणाचा निम्मा निकाल तो पोरगा चहा पिऊन जाण्यापूर्वीच लागलेला असतो.

प्रभातचा 'संत तुकाराम' घ्या. १९३६ सालचा, दामले-फत्तेलालांचा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. त्याचे चित्र जवळजवळ चौकोनी, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. आजच्या टेलिव्हिजनचा पडदा सोळास नऊ. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या कुणाला बघवत नाहीत, म्हणून चित्र ताणले जाते आणि प्रत्येक माणूस एक-तृतीयांशाने रुंद होतो. मग विष्णुपंत पागनीसांचा तो आत वळलेला, निरिच्छ चेहरा जाऊन तिथे नफ्यात चाललेल्या दुकानाचा मालक बसतो! पुस्तकाच्या समासाला कुणी वाया गेलेला कागद म्हणत नाही. मग या पट्ट्यांवरच एवढा राग का?

दुसरा घात गतीचा. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा. टेलिव्हिजन मधल्या जागा स्वत: कल्पिलेल्या चित्रांनी भरून काढतो, आणि हलणे इतके गुळगुळीत होते की देहू गाव मालिकेच्या सेटसारखे दिसू लागते. हे वैगुण्य पाश्चात्त्य दिग्दर्शकांनाही इतके जाचले की २०१९ साली 'फिल्ममेकर मोड' नावाची वेगळी सोयच जाहीर झाली. आपल्या संचात ती नसली, तरी हा संस्कार बंद करण्याची कळ बहुधा असते.

पण खरा अन्याय होतो तो आवाजावर. दिग्दर्शकांपैकी विष्णुपंत दामले हे प्रभातच्या ध्वनिमुद्रणाचे जाणकार. संगीत केशवराव भोळ्यांचे. ध्वनिपट्टी एकच, फितीच्या कडेने जाणारी. थिएटरात सारा आवाज पडद्याच्याच दिशेने येई. तोंड तिथे, शब्दही तिथे. माझ्या एका स्नेह्यांनी गेल्या वर्षी पाच स्पीकरांचा संच बसवला आणि बसवणाऱ्याने त्याला 'हॉल' नावाचा साज चढवून दिला. जिजाई पायातली वहाण घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला देवळात शिरते, तो प्रसंग चालू होता. गौरीबाईंचा तो रोकडा, घरगुती आवाज घुमत घुमत आमच्या पाठीमागून आला. आजींनी मागे वळून पाहिले, मुले हसली. गरिबीने पिचलेल्या आईचा तो संताप. त्यावर मुलांनी हसावे हे मला फार लागले.

शिवाय शब्द ओठांच्या पुढे धावत होते. चित्रावर नाना संस्कार करण्यात टेलिव्हिजनला क्षणभर वेळ लागतो. ध्वनी मात्र परस्पर ॲम्प्लिफायरमध्ये पोचून मोकळा होतो. आवाज किंचित मागून आला तर माणूस खपवून घेतो. नदीपलीकडे धोबी कपडा आपटतो तो आधी दिसतो, मग ऐकू येतो. उलटे मात्र निसर्गात कधी घडत नाही, म्हणून ते लगेच खुपते. यासाठी ॲम्प्लिफायरमध्ये आवाज थोडा थोपवून धरण्याची सोय असते. एचडीएमआयची तार यंत्रातून ॲम्प्लिफायरला, तिथून दुसरी टेलिव्हिजनला, 'हॉल' बंद, आवाज पुढच्या मधल्या स्पीकरातून, चित्र मूळ मापात. एवढे करायला आम्हांला पंधरा मिनिटे लागली. प्रसंग पुन्हा लावला. धाकटी, वय वर्षे दहा, म्हणाली, "पण ती बरोबरच बोलतेय की!" या बोलपटाची सारी गंमत तिथेच आहे: तुकोबा थोर आहेतच, पण जिजाईचेही खरे आहे.

यावर कुणी म्हणेल, जत्रेतल्या तंबूत फाटक्या पडद्यावर आणि खरखरत्या आवाजात लोकांनी बोलपट पाहिलेच ना, आणि ते रडलेही. अगदी खरे. पण ती खरखर खरखर म्हणूनच ऐकू येई. प्रेक्षक ती बाजूला सारून आतला माणूस शोधी. आजचे यंत्र बिघाड करते तो सुधारणेच्या वेषात. चित्र झळझळीत, आवाज भरदार. मग दोष दिसणार कुणाचा? पागनीसांचा आणि दामल्यांचा.

आता राहिला तो सबवूफर नावाचा जमिनीवरचा ठोकळा. 'तुकारामा'च्या ध्वनिपट्टीत त्याच्या पोटात घालण्याजोगे फारसे काही नाही. मिळते ती नुसती घरघर. हा बोलपट लावताना मी त्याची तार काढून ठेवतो.